ती म्हैस माझी नाही

माझ्या चित्रांबद्दल जे छापून येतं त्यातलं निम्मं मला कळतं. उरलेलं मी नानांना वाचून दाखवते आणि ते पोट धरून हसतात. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा दुकानं, दवाखाने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या भिंती, त्याही एकाच डब्यातल्या ब्रशांनी.

माझ्या चित्रांतली माणसं पाठमोरी असतात. बाजाराला निघालेल्या बाया, केळीचा घड खांद्यावर घेतलेला गडी, एसटीची वाट बघणारं कुटुंब, सगळ्यांच्या आपल्या पाठी. यावर एका जाणकारांनी लिहिलं की या समाजाने पाठ फिरवलेल्या माणसांच्या पाठी आहेत. दुसऱ्यांनी लिहिलं की ही चित्रं बघणाऱ्याला आत येऊ देत नाहीत. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा नानांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुले तोंड काढता येत नही, हाई कोणी लिखं नही का?"

कोणी लिहिलं नव्हतं. पण खरं तेच आहे. धुळ्यात चित्रकला शिकत होते तेव्हा लुगड्याच्या चुण्या, हात, पायांच्या टाचा मला झक्क यायच्या. चेहरा काढायला घेतला की मात्र हात लाकडाचा व्हायचा. माझे सगळे चेहरे मतदार ओळखपत्रावरच्या फोटोसारखे यायचे, जिवंत माणूस आणि तरीही मेल्यासारखा. मग मी माणसांना वळवून उभं करायला लागले. त्याला लोक शैली म्हणतात हे मला फार पुढे कळलं, आणि कळल्यावर मी काही कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही.

हे सगळं सुरू झालं एका चुकीच्या भिंतीवर. साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिक्षण संपलं होतं, तीन प्रदर्शनांना चित्रं पाठवली होती आणि तिन्हीकडून ती परत आली होती. मी घरात तोंड पाडून बसले होते. अशात ऐन लग्नसराईत नानांचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. आमच्याकडे लग्नघराची समोरची भिंत रंगवतात. गणपती, सोंडेत हार धरलेले दोन हत्ती, मोर, तुळस, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत नवरानवरीची नावं. फ्लेक्सच्या बोर्डांनी नानांची बाकी कामं गिळली, पण लग्नाची भिंत तेवढी सोडली. फ्लेक्स लावलं की लग्नघर निवडणुकीचं कार्यालय वाटतं, असं नानाच म्हणायचे. त्या वर्षी चार भिंती त्यांनी घेऊन ठेवल्या होत्या आणि हात वर जात नव्हता. म्हणून मला पाठवलं.

मला त्या हत्तींचा मनापासून राग होता. चित्रकला शिकून आलेली मुलगी मी, आणि सोंडेत हार काय काढायचा? पण नानांपुढे बोलायची सोय नव्हती. पहिल्या तीन भिंती दात खाऊन केल्या. चौथी शिंदखेड्याहून दोंडाईच्याला जाताना आत एका गावात होती. त्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एक, आणि त्यातल्या अर्ध्यांची पहिली नावंही तीच. म्हणून तिथे पत्ता झाडावरून सांगतात. मला सांगितलं होतं, मारुतीच्या मागे, निंबासमोरचं घर, नवा चुना दिलेली भिंत. मी गेले. मारुती होता, मागे निंब होता, समोर घर होतं आणि भिंतीला नवा चुना होता. घराला कुलूप होतं. तरी मी नवरदेवाच्या वडिलांना फोन केला. ते सगळं घर घेऊन बस्त्याला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, दोंडाईच्याला दुकानात बसले होते. मागून साड्यांचा गलका ऐकू येत होता. "निंबासमोरची ना?" मी विचारलं. "हा, हा, तीच!" ते ओरडले आणि फोन ठेवला.

मारुतीच्या मागे निंब दोन होते. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, त्यामुळे चुना गावातल्या प्रत्येक भिंतीला नवाच होता.

घरात माणूस नाही, डोक्यावर कोणी उभं नाही, हत्तीचा दात मोठा कर असं सांगणारं कोणी नाही. अशी भिंत मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. मधोमध नावं लिहिली ती नानांच्या वळणाने, त्यात खोड काढायला जागा नव्हती. मग बाकीच्या भिंतीकडे बघत मी थोडा वेळ बसले आणि ठरवलं की हत्ती गेले खड्ड्यात. मी वरात काढली. घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून, बघितल्यासारखी, पाठमोरी. पुढे बँडवाले, त्यांच्या मागे बाया, बायांच्या मागे उशीर झालेली एक बाई, एका हाताने पदर सावरत आणि दुसऱ्या हाताने पोराला ओढत चाललेली. तिची टाच चपलेतून निसटलेली. ती टाच काढताना मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. निंबाखाली एक म्हातारबुवा दिवसभर बसून बघत होते. त्यांनी एकदा "चांगलं शे" एवढं म्हटलं, बाकी चकार शब्द नाही.

पाचच्या सुमारास घराच्या मालकीणबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, कपाळ मोकळं, डोक्यावर गवताचा भारा आणि पुढे म्हैस. म्हैस आधी थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. मग त्यांनी भारा खाली टाकला.

"ओ माय! हाई काय शे व?"

"भिंत रंगवली, अक्का. लग्नाची."

"कोन्हं लगन?"

मी नावं वाचून दाखवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मन्ह्या दोन्ही अंडेरी तं सुरतले नांदतस," त्या म्हणाल्या. मुलीही सुरतला आणि त्यांची लग्नंही तिकडेच झालेली, मामाच्या घरी. या घरात आता त्या आणि म्हैस, दोघीच. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. निंबाखालच्या म्हातारबुवांना वाटलं होतं की अक्का एखाद्या नातवाचं लग्न इथे लावताहेत. म्हणून ते बोलले नव्हते.

पुढचा अर्धा तास आठवला तरी अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. बस्त्याची गाडी आली. नवरदेवाचे वडील स्वतःची कोरी भिंत बघून इकडे धावत आले. इथे आपल्या पोराचं नाव बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या हळद, आणि नवरदेवाचं नाव एकट्या विधवा बाईच्या भिंतीवर. "आम्हना पोऱ्यानं नाव हाई भीतवर कसं? पुसा, बठ्ठं पुसा!" ते ओरडत होते, आणि मला वाटत होतं की जमीन फाटावी. त्यांना त्यात अपशकुन दिसत होता. तो कुणाचा, हे बोलायची गरज नव्हती. अक्का तिथेच उभ्या होत्या. त्यांनाही ते ऐकू येत होतं.

त्या काही भांडल्या नाहीत. आत जाऊन एक ओलं फडकं घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. "नावं पुसी टाक," त्या म्हणाल्या. "बाकीनं ऱ्हाऊ दे. मन्ही भीत शे."

नवरदेवाच्या वडिलांना वाटत होतं सगळंच जावं. अक्का म्हणाल्या, तुमचं नाव तुम्ही घेऊन जा, माझ्या भिंतीवर माझं काय राहील ते मी बघेन. मी नावं पुसली. मधोमध मळकट पांढरा चौकोन उरला आणि त्याच्या भोवती माझी वरात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नाना आले. त्यांनी अक्कांची भिंत बघितली आणि ते लग्नघराकडे वळले. मी मागून म्हटलं, इथेही वरातच काढू का? "तुन्ही वरात ऱ्हाऊ दे तिकडे," ते म्हणाले. "आठे हत्ती पाहिजे." मग मी शिडीवर चढून वरचं केलं, त्यांनी खांद्याच्या खालचं डाव्या हाताने केलं, आणि हळदीच्या आधी दोन हत्ती उभे राहिले. लग्नघरातल्या बाया म्हणाल्या, याला म्हणतात हत्ती. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण करते काय.

परतताना एसटीत नानांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "ती चप्पल निसटेल बाई, ती कोठे दखी व्हती तू?" कुठे बघितली नव्हती, मनाने काढली, असं मी सांगितलं. "हं," ते म्हणाले. नानांकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. मी धुळं येईपर्यंत त्या एका "हं"वर बसून होते.

ती वरात मी घरी येऊन कागदावर काढली, मग कॅनव्हासवर, आणि ती चौथ्या प्रदर्शनात घेतली गेली. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. लग्न झालं, जळगावला आले, मेहरूणच्या तलावाजवळ घर केलं, एक खोली चित्रांची केली. चित्रं विकली जाऊ लागली. राज्याचं एक बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा सासूबाईंनी तो कापून देवघरात ठेवला, इतक्या त्या साध्या आहेत. आणि या सगळ्यात मी त्या गावाला एकदाही गेले नाही. मला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला आठवणच नव्हती.

आठवण झाली ती पुण्याच्या एका गृहस्थांमुळे. ते माझ्या चित्रांचं पुस्तक करत होते आणि त्याबरोबर जळगावात प्रदर्शन. विद्वान माणूस, पण स्वभावाने गोड, उन्हात टोपी घालायला विसरणारा. त्यांना सुरुवात हवी होती. मी भिंतीची गोष्ट सांगितली तसे ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले. "ती भिंत असेल अजून?" मी म्हटलं, बारा वर्षं कोण ठेवतं, सर. त्यांनी तरी गाडी काढायला लावली.

भिंत होती. दर आखाजीला आणि दर दिवाळीला अक्कांनी घराला चुना दिला होता आणि चित्र तेवढं सोडलं होतं. इतक्या वर्षांच्या चुन्याचे थर चढून कडेला बोटभर जाडी झाली होती, आणि माझी वरात त्यात परातीच्या तळासारखी खोल बसली होती. मला भरून आलं. दुसऱ्या क्षणी मी जवळ गेले आणि रागच आला. चित्र माझं राहिलेलंच नव्हतं. बायांच्या लुगड्यांवर गेरू फिरला होता, बँडवाल्यांना निळीचे सदरे आले होते, आणि मधोमध, नावांच्या पुसलेल्या चौकोनात, एक म्हैस उभी होती.

ती समोर बघत होती. सगळी वरात पाठमोरी चालली आहे आणि ही एकटी वळून थेट तुमच्याकडे बघते आहे. तव्याच्या काजळीची काळी, ओलं नाक, एक कान जरासा मागे. तिला माझा कंटाळा आला होता, मी कधी बाजूला होते याची ती वाट बघत होती, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मी आयुष्यात असं तोंड काढलेलं नाही.

सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "बाप रे," ते म्हणाले. "सगळ्यांना पाठ करून ही एकटी समोर! बावीस-तेविसाव्या वर्षी तुम्ही हे केलंत? मग पुन्हा चेहऱ्याकडे का वळला नाहीत, मॅडम?"

मी इथे सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ते ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते, तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं, बक्षिसाच्या वेळीही नाही. मी म्हटलं, "हं." नानांचाच शब्द, पण किती वाईट जागी वापरला.

अक्का दूध घालून परत आल्या. बारा वर्षांनी थोड्या वाकल्या होत्या. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. सर म्हशीचे फोटो काढताना बघून त्या दारात थबकल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. त्यांना सगळं समजलं, माझी खात्री आहे. सरांनी त्यांना विचारलं, या चित्राबरोबर इतकी वर्षं राहताय, तुम्हाला ते कसं वाटतं? अक्कांनी पदराने हात पुसले. "पोरीना हात चांगला शे," त्या म्हणाल्या. "बसा. च्या पिसन जा."

अक्कांनी आपली म्हैस मला देऊन टाकली होती, पाहुण्यासमोर माझी लाज राखायला, आणि मी ती घेतली. दोंडाईच्याला सरांना रेल्वेत बसवून देईपर्यंत ते म्हशीबद्दलच बोलत होते. मी स्टेशनवर हात हलवला आणि सांगितलं नाही.

महिन्याभराने पुस्तकाची कच्ची प्रत आली. म्हैस पूर्ण पानभर, आणि कव्हरवरही तीच घ्यायचं ठरत होतं. शेजारच्या पानावर माझ्या धाडसाबद्दल असं काही लिहिलं होतं की ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा प्रत पालथी घालून ठेवली. नाना तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी प्रत चाळली. वरातीवर थांबले, टाचेवर बोट ठेवलं, पुढचं पान उलटलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हाई म्हैस तुन्ही नही."

"कशावरून?"

"तू काढती तं पाठमोरी काढती." त्यांनी प्रत माझ्या मांडीवर ठेवली. "आन तू कधी म्हैस धुयेल नही. जेनी हाई काढी, ती रोज धुवस."

मग ते पेपर उचलून वाचत बसले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या आधी मी सरांना फोन केला. मी फार प्रामाणिक म्हणून केला असं कुणी समजू नये. घरात आणखी एका माणसाला माहीत झालं होतं आणि तो माणूस पोह्यांवर शेव घालून माझ्याकडे बघत बसला होता, म्हणून केला.

"सर, ती म्हैस माझी नाही."

त्यांनी विचारलं, कुणाची? मी सांगितलं. नावं पुसल्यावर चौकोन वाईट दिसत होता म्हणून अक्कांनी ती काढली असणार, हेही सांगितलं. आणि त्या दिवशी मी गप्प बसले, हे शेवटी सांगितलं. ते रागावले. त्यांचा हक्कच होता. "माझं अख्खं प्रकरण त्या म्हशीवर उभं आहे, मॅडम," ते म्हणाले. मग फोन ठेवला, आणि दोन तासांनी परत केला. आता आवाज बदललेला होता. "त्यांचं पूर्ण नाव काय? आणि त्या येतील का प्रदर्शनाला?"

अक्का यायला तयार नव्हत्या. मी तिकडे गेले, ओट्यावर बसले आणि माफी मागितली. त्यांनी ती धड ऐकूनसुद्धा घेतली नाही. "त्या साहेबले कसाले सांगं?" असं मलाच रागावल्या. त्यांची अडचण वेगळीच होती, त्या दिवशी म्हशीचं दूध कोण काढणार. ती शेजारच्या सुनेने सोडवली. नाना त्यांना गाडीतून घेऊन आले आणि धुळ्यापासून जळगावपर्यंत दोघं डिंकात काजळी किती घालावी यावर वाद घालत होते. अक्का बाभळीचा डिंक भिजवतात, निंबाची काडी चावून तिचा ब्रश करतात. नानांनी आयुष्यभर विकतचे ब्रश वापरले. त्यांना हे फार लागलं.

प्रदर्शनात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर म्हैस होती, खऱ्या मापाएवढी छापलेली, आणि खाली अक्कांचं पूर्ण नाव. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. भोवती माणसं जमली. सरांनी दोन शब्द सांगितले, टाळ्या झाल्या. माझ्या बक्षिसाच्या चित्रासमोर तेव्हा कोणी नव्हतं. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. कोणीतरी अक्कांना विचारलं, कसं वाटतंय? त्या म्हशीकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"शिंग चुकनं," त्या म्हणाल्या.

लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी मी फराळाचा डबा आणि पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन गेले. ओट्यासमोर आले आणि डबा हातातून पडायचाच राहिला. म्हैस नव्हती. तिच्या जागी ताजा चुना होता, आणि त्यावर कोळशाने नवीन रेघा ओढायला सुरुवात झाली होती. अक्का चावलेली काडी हातात धरून पाटावर बसल्या होत्या. खरी म्हैस पलीकडे बांधलेली होती.

"अक्का! पुसली? अहो, केवढ्या लोकांनी नावाजली ती! पुस्तकात छापली!"

"शिंग चुकेल व्हतं."

"कुणाला कळत होतं?"

"माले." त्यांनी म्हशीकडे बघितलं, एक रेघ ओढली, बोटाने पुसली. "लोकेस्नी मन्ही म्हैस दखेल शे का?"

मी तणतणत त्यांच्या शेजारी बसले. पुस्तकाची प्रत त्यांनी चुन्याचे हात लागू नयेत म्हणून मलाच धरायला लावली आणि एकेक पान उलटायला सांगितलं. सगळं बघितलं. बाजाराच्या बाया, केळीवाला गडी, एसटीची वाट बघणारी माणसं, बक्षिसाचं चित्र. शेवटचं पान झाल्यावर त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या आणि रेघ ओढता ओढता म्हणाल्या, "आते एकदाव तुन्ह्या बाया इकडे फिराव ना. तोंड तं दखू दे त्यास्नं."

शैली वगैरे शब्द त्या ओट्यावर काढायची हिंमत झाली नाही.

"भेव वाटस का तुले?" त्यांनी विचारलं. अगदी मायेने. माझ्याकडे न बघता.

"हो," मी म्हटलं.

घरी आल्यापासून मी रोज सकाळी एक चेहरा काढते. अक्कांचाच. वाईट येतो. ओळखपत्रावरच्या फोटोसारखा येतो, मी तो फाडत नाही, भिंतीला लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. नाना येता-जाता बघतात आणि अजून "हं" म्हणालेले नाहीत. मागच्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. मोठी जागा आहे, मी तिची कित्येक वर्षं वाट बघत होते. त्यांना दहा चित्रं हवी होती, माझी नेहमीची, पाठमोरी. ती मी डोळे मिटून काढू शकते. मी म्हटलं, ती आता नाहीत.

"मग सध्या काय आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"एक म्हातारी आहे," मी म्हटलं. "पण नाक अजून जमलेलं नाही."